लेसर अंतरमापक : धुक्यातल्या डोंगरावरची पारख

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशात तांबड्या हरणांच्या माद्यांच्या शिकारीचा हंगाम 21 ऑक्टोबर ते 15 फेब्रुवारी असा असतो; म्हणजे दिवस सर्वांत लहान, पाऊस आणि धुके नित्याचे, आणि उघड्या डोंगरउतारावर आडोशाला झाडही नाही, अशा काळातच तेथील शिकाऱ्याला आपले काम करावे लागते. लांडगा तेथून कित्येक पिढ्यांपूर्वी नाहीसा झाल्याने हरणांची संख्या आवरण्याची जबाबदारी माणसावर आली आहे, आणि म्हणून ही शिकार हौसेइतकीच भूव्यवस्थापनाचा भाग मानली जाते. प्राणी किती दूर आहे हे अचूक कळणे हा तेथे केवळ नेमबाजीतील कौशल्याचा प्रश्न नसून, त्या प्राण्याला जायबंदी अवस्थेत तडफडत मरावे लागू नये, याचा प्रश्न असतो.

नळीतून सुटलेली गोळी त्या क्षणापासूनच खाली येऊ लागते. अर्ध्या सेकंदात कोणतीही वस्तू सुमारे सव्वा मीटर खाली येते. रायफलीचा नेम एका ठरावीक अंतरासाठी बसवलेला असल्यामुळे अंतराचा अंदाज चुकला की गोळी हृदय-फुप्फुसांऐवजी पोटात किंवा पायात लागते. डोळा येथे फारसा भरवशाचा नाही, कारण मधल्या दरीचा बराचसा भाग दृष्टीआड असला की पलीकडचा प्राणी जवळ भासतो आणि धुक्यात तोच दूर गेल्यासारखा वाटतो.

अंतर मोजणाऱ्या दृक्-उपकरणांच्या इतिहासात स्कॉटलंडचे स्थान मोठे आहे. आर्चिबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड या दोन प्राध्यापकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यासाठी जो अंतरमापक तयार केला, त्याचे उत्पादन ग्लासगोत होत असे. एका लांब नळीच्या दोन टोकांतून दिसणाऱ्या प्रतिमा एकमेकींशी जुळवून, त्यांच्यातील कोनावरून अंतर काढण्याची ही रीत होती. पुढे 16 मे 1960 रोजी थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात पहिला लेसर प्रकाशित केला आणि लांब नळीची गरज संपली. सैन्याकडून हे तंत्र शिकाऱ्याच्या हाती यायला मात्र तीन दशके लागली. लायका कंपनीची लेसर अंतरमापक असलेली जिओविड ही दुर्बीण 1992 मध्ये बाजारात आली.

या यंत्राचे तत्त्व साधे आहे. ते अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, बहुधा 905 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचा अतिशय लहान स्पंद सोडते आणि तो लक्ष्यावर आपटून परत येईपर्यंतचा काळ मोजते. एक मीटर अंतर जाऊन परत येण्यास प्रकाशाला सुमारे 6.7 नॅनोसेकंद लागतात, तर 300 मीटरवरील हरणापर्यंतची फेरी दोन मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दोन दशलक्षांशांत, पुरी होते.

खोक्यावर छापलेला कमाल पल्ला हा या यंत्राच्या निवडीतील सर्वांत फसवा आकडा होय. तो बहुधा चकचकीत, परावर्तक फलकावर मोजलेला असतो. ओल्या, गडद केसांचे हरीण त्याच्या मानाने फारच थोडा प्रकाश परत पाठवते, त्यामुळे प्राण्यावरचा प्रत्यक्ष पल्ला त्याहून पुष्कळ कमी भरतो. दुसरी बाब किरणशलाकेच्या अपसरणाची, म्हणजे अंतराबरोबर तिच्या पसरत जाण्याची. दोन मिलिरेडियन अपसरण असलेली शलाका 500 मीटरवर एक मीटर रुंद होते आणि हरणाच्या अंगावरून ओसंडून मागच्या कड्यावर किंवा पुढच्या झुडपावर पडते. अशा वेळी पहिला परतलेला स्पंद खरा मानावा की शेवटचा, हे ठरवण्याची सोय यंत्रात असणे अत्यावश्यक आहे. झुडपांआडच्या प्राण्यासाठी आणि धुक्या-पावसात, जेथे जवळचे थेंबच प्रकाश माघारी पाठवतात, शेवटचा स्पंद धरणेच हिताचे. जे यंत्र क्षीण संकेतावर अंतर न दाखवता पडदा कोरा ठेवते, ते चुकीचा आकडा तत्परतेने दाखवणाऱ्या यंत्रापेक्षा निःसंशय श्रेष्ठ समजावे, कारण कोऱ्या पडद्यामुळे शिकारी थांबतो, तर चुकीच्या आकड्यावर विसंबून तो गोळी झाडतो.

संधिप्रकाशात काळ्या अंकांचा पडदा गडद अंगावर वाचता येत नाही, म्हणून स्वतः उजळणारे आणि तेज कमी-जास्त करता येणारे लाल अंक बरे. आयपीएक्स 7 हे मानांकन यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते एवढेच सांगते. आतील भिंगांवर बाष्प धरू नये यासाठी कवचात नायट्रोजन भरलेला असावा लागतो. थंडीत बॅटरीची शक्ती घटते, यास्तव जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवावी. उतारावर तिरप्या अंतराऐवजी आडवे अंतर महत्त्वाचे असते: 30 अंशांच्या कोनात 400 मीटरवर दिसणाऱ्या प्राण्यासाठी नेम सुमारे 346 मीटरचा धरावा लागतो, आणि हा हिशेब यंत्राने स्वतः करावा. खरेदीपूर्वी एखाद्या पावसाळी संध्याकाळी दूरच्या ओल्या, काळ्या खोडाचे अंतर लागोपाठ दहा वेळा मोजून पाहावे. दहाही आकडे जवळजवळ सारखे आले, तरच ते यंत्र घ्यावे.

भारतात 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी घातली. तरीही हे यंत्र येथील जंगलांत रोज वापरले जाण्याइतके उपयोगी आहे. ताडोबा, मेळघाट आणि पेंचसारख्या व्याघ्र प्रकल्पांत वाघाच्या भक्ष्य प्राण्यांचा अंदाज घेण्यासाठी ट्रान्सेक्ट, म्हणजे आखून ठेवलेल्या सरळ रेषेवरून चालत जाण्याची पद्धत अवलंबली जाते. चितळ, सांबर किंवा गवा दिसताच संख्या नोंदून होकायंत्राने दिशा आणि लेसर अंतरमापकाने अंतर घेतले जाते, आणि त्यांवरून रेषेपासूनचे लंब अंतर काढून घनता ठरवली जाते. बांबूच्या पानावरूनच परतलेला स्पंद येथेही दगा देतो: अंतर प्रत्यक्षापेक्षा कमी नोंदले जाते आणि त्या जंगलातील चितळांची घनता आहे त्यापेक्षा जास्त निघते.