परसातले रंग

चित्र काढा म्हटले की वर्गातली मुले बर्फाचे डोंगर काढतात. बर्फ त्यांनी कधी पाहिलेला नाही. दारातला गुलमोहर मात्र रोजचा!

अशा वेळी माल्कम द शाझाल आठवतात. 1902 साली व्हाकवा येथे जन्मलेले हे गृहस्थ लुइझियानात साखरेचे शास्त्र शिकले आणि पुढे टेलिफोन खात्यात नोकरी केली. क्युरपिपच्या बागेत फिरताना अझेलियाचे एक फूल आपल्याकडे पाहत आहे असे त्यांना जाणवले. लोक त्यांना विक्षिप्त म्हणत. पण 1948 साली त्यांचे 'सांस प्लास्तीक' पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले. ब्रश त्यांनी त्यानंतरच्या दशकात हाती घेतला. फुले, पक्षी, मासे, डोडो. सारे आपल्या बेटावरचे, आणि रंग अगदी भडक. मुलांनी काढल्यासारखी ही चित्रे मला तरी पहिल्यांदा आवडली नव्हती.

परवा पाऊस थांबताच वर्ग बाहेर नेला. ऊन आले, गेले, पुन्हा भुरभुर सुरू झाली. मुलांनी भिजलेली जास्वंद, आंब्याचे झाड, वाळत घातलेले कपडे काढले. एका मुलीने पाऊस हिरवा रंगवला. कारण विचारले, तर म्हणाली, "गुरुजी, तो पानांवरूनच खाली येतो ना!"

पालकहो, घरी मुलांना नमुन्याचे चित्र देऊ नका. कागद द्या आणि मागचे दार उघडा.