मेंदूची मोजणी आणि आपली म्हातारी माणसे

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, घरातील म्हातारे माणूस विसरू लागले तर त्यात कुणाला आजार दिसतच नाही. परभणी जिल्ह्यातील वालूर घ्या, नाही तर दुसरे कोणतेही गाव घ्या. आजी चुलीवर भाकर टाकून विसरते, आजोबा आपल्याच गल्लीत वाट चुकतात, आणि घरचे म्हणतात, “वय झालं, चळ लागला.” असा विसर हा पुष्कळदा मेंदूचा आजार असतो, हे आम्हाला येथे सांगायचे आहे.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभरातील वृद्धांची मोठी पाहणी केली. तिला जोडून झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासाचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. साठीच्या पुढील शंभरांत सात जणांहून अधिक, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसे या आजाराने ग्रासलेली आहेत. त्यातही पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त आहे.

मेंदूचे बांध

एम.आर.आय. यंत्र चुंबकाच्या बळावर मेंदूची चित्रे काढते. वालूरच्या चक्राकार बारवेत एकेक पायरी उतरत तळ गाठावा, तसा या चित्रांत मेंदूचा एकेक थर दिसत जातो. असे दीडशे-दोनशे थर असतात. प्रत्येक थरात मेंदूचा कोणता भाग कुठे संपतो याची रेघ आखावी लागते. शेताची मोजणी करून हद्द कायम करावी तसेच हे काम आहे. डॉक्टर त्याला सेगमेंटेशन म्हणतात.

ही मोजणी कशासाठी? आठवणी साठवण्याच्या कामी येणारा हिप्पोकॅम्पस नावाचा छोटासा भाग मेंदूच्या दोन्ही बाजूंना असतो. निरोगी म्हातारपणी तो वर्षाला साधारण एक-दीड टक्का झिजतो, तर अल्झायमरच्या आजारात चार-पाच टक्के. एवढा बारीक फरक नुसत्या डोळ्याला कळत नाही. तो मोजावाच लागतो.

पूर्वी तज्ज्ञ माणूस ही रेघ हाताने आखी, त्यात तासन्‌तास जात. आता संगणकाला तेच शिकवले जाते. तज्ज्ञांनी हद्दी आखलेली चित्रे त्याच्यापुढे ठेवतात, तो स्वतः आखून पाहतो, चूक मोजतो आणि हजारो वेळा सुधारतो. या पद्धतीला डीप लर्निंग म्हणतात. जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठात २०१५ साली तयार झालेल्या ‘यू-नेट’ रचनेने या कामाला मोठा वेग दिला. २०२० साली जर्मनीतच पुढे आलेला ‘फास्टसर्फर’ हा प्रोग्राम योग्य संगणकावर सुमारे एका मिनिटात मेंदूचे ९५ भाग वेगळे करतो.

कुणाच्या मेंदूवरून शिकले?

यंत्र जे पाहते तेच शिकते. म्हाताऱ्या मेंदूत पाण्याच्या पोकळ्या मोठ्या होतात, रक्तदाबाने पांढरे डाग पडतात. तरुणांच्या चित्रांवर शिकलेले यंत्र येथे चुकू शकते. हैदराबादच्या आय.आय.आय.टी.ने २०१९ साली शंभर भारतीयांच्या मेंदूचा नकाशा तयार केला, तेव्हा भारतीय मेंदूचे सरासरी आकारमान पाश्चात्त्यांपेक्षा लहान आढळले. याचा बुद्धीशी संबंध जोडू नये. डोक्याच्या-नाकाच्या मापांवरून माणसे उच्च-नीच ठरवणारे पूर्वी होतेच, आणि बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात तीच मापे पुढे ठेवून ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे असल्याचे दाखवून दिले. प्रश्न एवढाच, की परक्यांच्या मापाने मोजले तर आपला निरोगी मेंदूही झिजलेला वाटू शकतो. शिवाय ते शंभर जण तरुण होते.

म्हणून खेड्यातल्या, कष्टकरी वृद्धांची चित्रेही यंत्राच्या धड्यात आली पाहिजेत. बंगळूरच्या मेंदू संशोधन केंद्राने २०१८ पासून कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात ४५ वर्षांवरील ग्रामस्थांचा अभ्यास चालवला आहे, त्यात एम.आर.आय.ही काढतात. मराठवाड्यातील ऊसतोड केलेली, अक्षरओळख नसलेली म्हातारी माणसेही अशा अभ्यासात मोजली जावीत, अशी मागणी आपण केली पाहिजे.

आपल्या हातात काय?

विसर दिसला की लगेच एम.आर.आय.साठी कर्ज काढू नये. आधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर, थायरॉईड, बी-१२ आणि कान तपासून घ्यावेत. मन खचले असेल तर तेही सांगावे. यातली काही कारणे उपचाराने बरी होतात. एम.आर.आय. लागेल की नाही हे डॉक्टर ठरवतील, आणि यंत्राने माप दिले तरी निदान डॉक्टरच करतील.

‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. त्यांत तंबाखूची विडी-सिगारेट आहे, दारू आहे, एकटेपणा आहे आणि बालपणी न मिळालेले शिक्षणही आहे. शाळेचे दार ज्यांना बंद होते, त्यांना त्याची किंमत म्हातारपणीही मोजावी लागते, हा त्याचा अर्थ. तेव्हा नातीला शाळेतून काढू नका, आणि आजीला ‘भ्रमिष्ट’ म्हणून कोपऱ्यात बसवू नका. तिच्याशी रोज बोला, आणि एकदा तिला दवाखान्यात घेऊन जा.