हँडल हलके फिरते, पण एंजिन चालू का होत नाही?

गेल्या ऑक्टोबरात पनवेलजवळ गाढी नदीकाठच्या एका भाजीच्या मळ्यात गेलो होतो. पंपाचे डीझेल एंजिन पावसाळाभर झाकून ठेवलेले होते. मळेवाल्याचा मुलगा हँडल मारून मारून दमला होता. "सर, एवढं हलकं कधीच फिरत नव्हतं!" तो म्हणाला. खरे दुखणे तिथेच होते.

विद्यार्थी मित्रांनो, डीझेल एंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या वर येताना सिलिंडरातील हवा दाबून सुमारे सतराव्या हिश्श्याइतकी करतो आणि त्या दाबण्यानेच ती तापते. हवा गळत नाही व उष्णता बाहेर जात नाही असे धरले, तर ३० अंश सेल्सिअसची हवा साडेसहाशे अंशांच्या वर जाईल. प्रत्यक्षात ती थोडी कमी तापते, पण फवारलेले डीझेल पेटायला तेवढे पुरते. हँडलला लागणारा जोर मुख्यतः ही हवा दाबण्यासाठी असतो. हँडल हलके, म्हणजे हवा कुठून तरी निसटते आहे.

मेस्त्रींनी वरचे झाकण काढले. कॅम पुशरॉडला वर ढकलतो, रॉकर सी-सॉप्रमाणे कलतो आणि झडप खाली दाबून उघडतो. मिटवण्याचे काम स्प्रिंगचे. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या एंजिनात प्रत्येक झडप मिनिटाला ७५० वेळा उघडते, कारण कॅम निम्म्या वेगाने फिरतो. इथे दमट हवेने धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेचा दांडा गंजून थोडा उघडाच अडकला होता. स्प्रिंगचे काही चालेना.

रॉकेलचे थेंब सोडून, लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकून झडप मोकळी झाली. (हातोडी माझ्या हाती न देण्याचे शहाणपण मेस्त्रींनी दाखवले.) पण तिची बैठकही गंजली होती. तेव्हा हेड उतरवून, झडपेला घासण्याची पेस्ट लावून ती बैठकीवर घासली. मग बंद झडपेमागे रॉकेल ओतले; थेंबही झिरपला नाही. पुशरॉड काचेवर गडगडवून पाहिला, तो सरळ होता.

शेवटचे काम फटीचे. रॉकर आणि झडपेचा दांडा यांत थंड असताना पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवतात. ती कशाला? साधे पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश वाढते. १०० मिलिमीटरचा दांडा भोवतालच्या भागांपेक्षा २०० अंश अधिक तापला, तर तो ०.२४ मिलिमीटर जास्त वाढेल. फट नसेल तर झडप पूर्ण मिटणार नाही, तापलेले वायू निसटतील आणि तिची कड जळेल. फट फार झाली तर टकटक ऐकू येते आणि झडप पुरेशी उघडत नाही.

फट मोजताना दट्ट्या वर हवा आणि दोन्ही झडपा मिटलेल्या हव्यात. दट्ट्या दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो. मग योग्य वेळ कोणती? दोन्ही रॉकर हाताला किंचित हलतात, ती.

तिसऱ्या हँडलला एंजिन चालू झाले. हल्ली पावसाळ्यापूर्वी तो मुलगा एंजिन याच स्थितीत थांबवून ठेवतो. झडपा मिटलेल्या असल्याने दमट हवा आत शिरत नाही.