सतरा सप्टेंबर वर्गात कसा सांगायचा?

आज आपण देगलूरसारख्या गावातल्या एका वर्गापासून सुरुवात करू.

देगलूर म्हणजे महाराष्ट्राचं टोक. अलीकडे-पलीकडे तेलंगणा आणि कर्नाटक. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारी मुलं इथं एका बाकावर बसतात. दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन येतो. झेंडावंदन होतं, भाषणात रझाकारांचे अत्याचार सांगितले जातात. ते सांगायलाच हवेत, कारण ते खरे आहेत. पण मधल्या सुट्टीत एखादा मुलगा शेजारच्याला 'रझाकार' म्हणून चिडवतो. आपण काय करतो? "सॉरी म्हण, हात मिळव." मिटलं का? नाही मिटलं. फक्त झाकलं गेलं.

मग करायचं काय? आम्हाला तीन गोष्टी सुचतात.

पहिली: दोष माणसांचा सांगा, धर्माचा नको. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. पण हैदराबाद संस्थान भारतात यावं असं 'इमरोज' या उर्दू पत्रात लिहिणारे शोएबुल्ला खान हेही मुसलमानच. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनीच त्यांचा खून केला. ही दोन नावं शेजारी ठेवली की मुलांना वेगळं समजवावं लागत नाही.

दुसरी: पुढचं पान फाडू नका. पोलिस ॲक्शननंतर अनेक गावांत निरपराध मुसलमान मारले गेले. चौकशीसाठी आलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने संस्थानातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होता. याच अहवालात हेही नोंदलेलं आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी जिवावर उदार होऊन मुसलमान विणकरांना वाचवलं. पाचवीच्या मुलांना विणकरांची गोष्ट सांगा, आकडे नववी-दहावीला.

तिसरी गोष्ट माफीची. पणजोबांच्या काळात जे झालं त्याची माफी आजच्या पोराकडून मागू नये. आणि ज्याने सोसलं त्याच्यावर 'विसरून जा' अशी सक्तीही करू नये. माफ करणं हा त्याचा हक्क आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदानंतर सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला. तिथं माफीनामा मिळवायला पश्चात्ताप दाखवण्याची अट नव्हती. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याबद्दल संपूर्ण खरं सांगण्याची अट होती. म्हणजे आधी सत्य, मग सलोखा.

वर्गात हेच छोट्या रूपात करता येतं. चिडवणाऱ्याला आणि ज्याला चिडवलं त्याला समोरासमोर बसवा. तीन प्रश्न विचारा: काय झालं? कुणाला काय वाटलं? आता नीट काय करता येईल? पहिलं उत्तर ज्याला लागलं त्याचं. इतिहासाची जबाबदारी त्या मुलावर नाही, पण मधल्या सुट्टीत उच्चारलेल्या शब्दाची आहे. ती त्याला घेता येते, आणि घेतली की तोही मोकळा होतो.

जाता जाता एक गृहपाठ. मुलांना सांगा, "घरी विचारून या, त्या दिवसांत कुणी कुणाला आसरा दिला होता?" सगळ्यांच्या घरून गोष्ट येणार नाही. दोन आल्या तरी पुष्कळ. त्या फळ्यावर लिहा, आणि भाषण त्यानंतर करा.