शून्य नंबरची मशीन आणि अंबाडा

फौजेत भरती झालं की पहिल्याच रात्री पोराचं डोकं सफाचट. पोरीचं मात्र नाही. ही सवलत म्हणायची की आणखी काही? केसांवरून कोर्टापर्यंत पोचलेल्या एका लांबलचक भांडणाची ही गोष्ट.

सोमवार सकाळ. मेलबॉक्स उघडावा तर एचआरचा मेल हजर : ‘ग्रूमिंग गाइडलाइन्स’. मुलांसाठी चार ओळी. दाढी ट्रिम, शूज पॉलिश, संपलं. मुलींसाठी दीड पान. केस बांधलेले असावेत, कानातले छोटे असावेत, नेलपेंट ‘सोबर’ असावं. लंच टाइममध्ये कॅफेटेरियात यावर जी चर्चासत्रं झडतात ती तुम्हाला नवीन नाहीत. मुली म्हणणार, सगळे नियम आम्हालाच का? मुलं म्हणणार, तुम्हाला निदान केस वाढवता तरी येतात, आम्ही पोनी बांधून आलो तर बॉस घरी पाठवेल.

आता हाच वाद एका अशा ऑफिसात नेऊ, जिथे एचआर मेल पाठवत नाही, थेट मशीन फिरवतं.

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात पॅरिस आयलंड नावाचं बेट आहे. मरीन कोअरच्या रिक्रूटांचं १३ आठवड्यांचं ट्रेनिंग तिथे चालतं. बस येते, ड्रिल इन्स्ट्रक्टर ओरडत आत शिरतो आणि पोरं धडपडत खाली उतरून जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या पावलांवर पाय ठेवून उभी राहतात. मग थोड्याच वेळात न्हाव्याची खुर्ची. काही सेकंदांत काम तमाम! आत जाताना कुणी कुरळ्या केसांचा, कुणी रंगवलेल्या झुलपांचा, कुणी मानेपर्यंत केस रुळणारा. बाहेर येताना सगळे सारखेच, एकाच कारखान्यातून काढलेल्या अंड्यांसारखे. ‘फुल मेटल जॅकेट’ (१९८७) हा सिनेमा सुरू होतो तो याच सीनने. आपल्याकडे ‘लक्ष्य’मधल्या हृतिकचे केस छाटले गेले तेव्हा किती जणींचा जीव हळहळला होता ते आठवा. आणि २५ मार्च १९५८ला आर्मीच्या न्हाव्याने एल्व्हिस प्रेस्लेचे केस कापले तेव्हा तर फोटोग्राफरांची गर्दी उसळली होती.

मुळात हे मुंडण आलं कुठून? एक कारण उवा. खंदकात, बराकीत माणसं खेटून राहणार, तर डोकं जितकं मोकळं तितकं बरं. पण आता उवांची भीती कोण धरतो? आज खरं कारण मानसिक आहे. तू कुणाचा कोण, श्रीमंत की गरीब, कुठल्या गावचा, कुठल्या फॅशनचा, हे सगळं दाराबाहेर. आत आलास की तू फक्त रिक्रूट.

आता प्रश्न असा, की ‘ओळख पुसण्यासाठी केस उतरवावेच लागतात’ हे खरं असेल, तर शेजारच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीची ओळख केस न उतरवता कशी काय पुसली जाते?

सवलतीची किंमत

मुलींचं डोकं भादरत नाहीत. मरीनमध्ये केस बांधून, पिना मारून कॉलरच्या वर ठेवले की झालं. नेव्हीत पूर्वी मुलींचे केसही भरती होताच हनुवटीपर्यंत कापले जायचे, पुढे ती सक्ती गेली. ऐकायला किती छान ना? पण पहाटे उठून, हजारो सूचना ऐकत, मिनिटामिनिटाचा हिशेब देत कमरेपर्यंतचे केस चापूनचोपून अंबाड्यात कोंबून बघा. एक बट सुटली तरी बोलणी. केस धुतले तर वाळवायला वेळ कुठला? मग ओल्या केसांचाच घट्ट अंबाडा. तोच घेऊन झोपायचं, तोच घेऊन पळायचं, त्याच्यावरच हेल्मेट चढवायचं.

हेल्मेटची तर वेगळीच कथा. ते बनवलं गेलं पुरुषाच्या, म्हणजे सफाचट, डोक्याच्या हिशेबाने. मागे अंबाडा असलेली मुलगी पोटावर झोपून नेम धरते तेव्हा अंबाडा हेल्मेटला मागून ढकलतो, हेल्मेट पुढे सरकतं आणि थेट डोळ्यांवर येतं. रायफलमधून दिसणार काय, कपाळ? नियम बनवणाऱ्यांनी स्वतः एकदा अंबाडा घालून रेंजवर जायला हवं होतं, असं राहून राहून वाटतं.

आणि रोज ओढून बांधलेल्या केसांची शिक्षा केसांच्या मुळांना होते. कपाळावरची केसांची रेषा हळूहळू मागे सरकते. डॉक्टर त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. ओढ फार वर्षं चालली तर तिथले केस परत येतही नाहीत. अमेरिकेच्या एअर फोर्सने २०२१च्या जानेवारीत वेणी आणि पोनीटेलला परवानगी दिली, तेव्हा कारण म्हणून हेच सांगितलं : केसांचं नुकसान, मायग्रेन आणि काही जणींचे चक्क गळलेले केस. नेव्हीने पोनीटेल २०१८मध्येच मान्य केली होती. आर्मीनेही २०२१मध्ये नियम सैल केले. म्हणजे बायकांना सैन्यात येऊन पिढ्या उलटल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की डोकं दुखतंय ते ड्रिलमुळे नाही, पिनांमुळे!

कृष्णवर्णीय मुलींच्या वाट्याला तर जास्तच आलं. त्यांचे केस मुळात घट्ट कुरळे, ते सरळ पाठीमागे ओढून ‘नीट’ बसत नाहीत. त्यांच्या सोयीच्या हेअरस्टाइल्सवर २०१४च्या आर्मी नियमावलीने बंदी घातली, वर त्या केसांचं वर्णन करताना ‘गुंतलेले’, ‘अस्ताव्यस्त’ अशा अर्थाचे शब्द वापरले. जॉर्जिया नॅशनल गार्डमधल्या एका महिला सार्जंटने व्हाइट हाउसकडे अर्ज केला, त्यावर हजारो सह्या पडल्या, काँग्रेसमधल्या कृष्णवर्णीय सदस्यांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते शब्द वगळले गेले.

लिपस्टिक कंपलसरी!

बरं, मुलींनी केस ठेवावेत हा हट्ट निव्वळ त्यांच्या प्रेमापोटी होता का? छे! दुसऱ्या महायुद्धात मरीनमध्ये बायका आल्या तेव्हा त्यांच्या टोपीवरच्या लाल दोरीला मॅच होणारी लिपस्टिक एलिझाबेथ आर्डेन कंपनीने काढली होती. नाव ‘माँटेझुमा रेड’. पुढे अगदी १९८०च्या दशकापर्यंत महिला रिक्रूटांना मेकअपचे धडे दिले जात. तिकडे पोराला सांगायचं, दिसणं विसर. इकडे पोरीला सांगायचं, सैनिक हो, पण बाईसारखी ‘दिस’. म्हणून नियम दोन्ही बाजूंनी बांधलेला असायचा. केस कॉलरखाली जायला नकोत, पण फार बारीकही नकोत. आर्मीत महिलांना पाव इंचापेक्षा कमी केस ठेवायला २०२१पर्यंत मनाई होती. ‘जी. आय. जेन’मध्ये (१९९७) डेमी मूर स्वतःच्या हाताने डोक्यावर मशीन फिरवते, तो सीन एवढा गाजला तो काय उगाच?

प्रत्यक्षात तसा सीन २०१५मध्ये दिसला. आर्मीच्या रेंजर स्कूलमधून पहिल्यांदाच दोन महिला पास झाल्या, क्रिस्टन ग्रीस्ट आणि शे हेवर. दोघींच्याही डोक्यावर खुरटे केस. सोबतच्या पोरांमध्ये त्या चटकन ओळखूही येत नव्हत्या.

पण मुंडण दरवेळी असं अभिमानानेच होतं असंही नाही. साउथ कॅरोलिनातच ‘द सिटाडेल’ हे लष्करी शिस्तीचं कॉलेज आहे. शॅनन फॉकनर या मुलीने तिथे प्रवेशासाठी कोर्टात दाद मागितली. कोर्टाने प्रवेश तर दिला, पण १९९४मध्ये न्यायाधीशांनी हेही सांगितलं, की इतर नव्या कॅडेटांसारखं तिचंही डोकं भादरायला हरकत नाही. गावात गाड्यांवर स्टिकर्स झळकले, टी-शर्ट निघाले : शॅननला भादरा! समानता द्यायची ती अशी, दात विचकून. १९९५मध्ये ती दाखल झाली आणि आठवडाभरात बाहेर पडली. ती गेल्यावर तिथल्या पोरांनी जल्लोष केला, तो टीव्हीवर सगळ्या अमेरिकेने पाहिला.

व्हर्जिनियातल्या व्हीएमआय या लष्करी कॉलेजला १९९६मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मुलींसाठी दारं उघडायला लावली. १९९७मध्ये पहिल्या ३० मुली आल्या. त्यांचेही केस जवळपास मुलांएवढेच बारीक कापले गेले. तेच मुंडण, पण इथे त्याचा अर्थ होता ‘आता तुम्ही आमच्यातल्या’. कात्री तीच असते हो, धरणारा हात कुठला त्यावर सगळं आलं.

आणि मग मुलं कोर्टात गेली

आता गोष्टीला खरा ट्विस्ट. मुलींना मिळालेल्या या सवलतीचा फायदा शेवटी कुणाला झाला असेल? तीन शीख मुलांना!

त्यांना मरीन व्हायचं होतं, पण केस आणि दाढी न कापता. मरीन कोअरचं म्हणणं, ट्रेनिंग संपल्यावर काही अटींवर बघू, पण ते १३ आठवडे नाही म्हणजे नाही. तिथे एकरूपता हवी, वेगळेपण पुसायला हवं. मुलं कोर्टात गेली. डिसेंबर २०२२मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने मरीन कोअरचा हा युक्तिवाद उलटा करून दाखवला. वस्तऱ्याने त्वचेला त्रास होतो अशा मुलांना तुम्ही दाढीतून सूट देता. अंगावर टॅटू चालतात. आणि मुलींना तर डोकं भादरायलाच लावत नाही. तरीही त्या मरीन होतातच ना? मग एका पगडीने कुठली एकरूपता ढासळते?

ऑगस्ट २०२३मध्ये त्यातला एक, जसकिरत सिंग, सॅन दिएगोतून ट्रेनिंग पूर्ण करून बाहेर पडला. पगडी आणि दाढीसकट. आपल्याला यात नवल ते काय वाटणार? शीख पलटणी आपण प्रजासत्ताक दिनाच्या परेडमध्ये लहानपणापासून बघतोय. पण आपल्याकडेही सगळ्यांनाच मोकळीक आहे असं समजू नका. एअर फोर्समधल्या एका मुस्लिम जवानाने दाढीसाठी दिलेली लढाई १५ डिसेंबर २०१६ला सुप्रीम कोर्टात हरली. ज्या धर्मात केस कापणं किंवा दाढी करणं मुळातच निषिद्ध आहे त्यालाच सूट, असा नियम आणि कोर्टाने तोच उचलून धरला.

जर्मनीतले पुरुष सैनिक तर सरळ ‘बायकांना लांब केस, मग आम्हाला का नाही’ म्हणूनच भांडले. २०१३मध्ये तिथल्या कोर्टाने सांगितलं, की बायकांनी सैन्यात यावं म्हणून ही सवलत आहे, तेव्हा हा भेदभाव चालेल. गंमत म्हणजे याच जर्मनीने १९७१मध्ये पुरुषांना लांब केस ठेवायला परवानगी दिली होती. अट एकच, जाळी घालायची. सरकारने लाखांनी हेअरनेट मागवले, जग ‘जर्मन हेअर फोर्स’ म्हणून हसलं आणि पुढच्याच वर्षी केस पुन्हा खाली पडले.

अमेरिकेत तर वारं पुन्हा फिरलंय. ३० सप्टेंबर २०२५ला संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी जगभरातून बोलावलेले जनरल समोर बसवून दाढीवाल्यांचे दिवस संपले असं ठणकावलं. त्याच्या दीड वर्ष आधी, मार्च २०२४मध्ये, ब्रिटिश आर्मीने सैनिकांना दाढी ठेवायला परवानगी दिली होती. दोघेही नाटोत, पण गालांचे नियम वेगळे.

चौकट : मिशी ठेवा, हुकूम आहे!

दाढी-मिशीचे नियम नेहमी ‘काढा’ असेच नव्हते. १८५४मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे आर्मीतल्या गोऱ्या सैनिकांना मिशी सक्तीची झाली. बिनमिशीच्या साहेबाचा इथे म्हणे वचक बसत नव्हता. पुढे ब्रिटिश आर्मीतही वरच्या ओठाला वस्तरा लावायला बंदी आली, ती उठली थेट १९१६मध्ये. मग पहिल्या महायुद्धात विषारी वायू आला, मास्क चेहऱ्याला घट्ट बसायला हवा म्हणून गाल गुळगुळीत झाले. अमेरिकन सैनिकांना जिलेटने सुमारे ३५ लाख रेझर पुरवले. घरी परतलेल्या त्या सैनिकांना रोज दाढी करायची सवय लागलेली होती. तुमच्या ऑफिसातल्या ‘क्लीन शेव्हन लूक’चे पणजोबा ते हेच!

ऑफिसावरून आठवलं. अमेरिकेत रिनो शहरातल्या हॅराज कॅसिनोत बारवर वीसेक वर्षं काम केलेल्या डार्लीन जेस्पर्सनची नोकरी गेली, कारण बायकांसाठी सक्तीचा केलेला मेकअप तिने नाकारला. ती कोर्टात गेली आणि २००६मध्ये हरली. कोर्टाचा फंडा असा : पुरुषांना केस बारीक ठेवण्याचा नियम, बायकांना मेकअपचा नियम, दोघांच्या डोक्याला ताप सारखाच. आता आरशासमोर रोज अर्धा तास उभं राहणं आणि महिन्यातून एकदा न्हाव्याकडे जाणं हे ‘सारखं’ कसं, ते त्या जजसाहेबांनाच विचारायला हवं.

आपल्या पुण्याजवळ, खडकवासल्याच्या एनडीएत सुप्रीम कोर्टाच्या २०२१च्या आदेशानंतर मुलींना प्रवेश मिळाला. २०२२मध्ये पहिल्या १९ जणी आल्या, ३० मे २०२५ला त्यातल्या १७ जणी मुलांच्या बरोबरीने पास आउट झाल्या. तेव्हापासून अकरावी-बारावीतल्या कितीतरी मुली सकाळी पळायला बाहेर पडू लागल्यात. आमच्या गल्लीतली एक पोरगी त्यातलीच. परवा ती कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये शिरली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, “काका, मिलिटरी कट.” काकांनी आजवर शेकडो पोरांचा मिलिटरी कट डोळे मिटून केलाय. या वेळी मात्र कात्री हातात धरून ते नुसतेच उभे. एकदा तिच्या वेणीकडे बघितलं, एकदा दाराकडे.

“बाळा, घरी विचारलंयस ना?”