नवतपा आणि संगणकाचा ताप

मे महिन्यात आंबागडला पाहुणा म्हणून जाऊ नये, असे आमच्या घरात पूर्वापार सांगितले जाते. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले, सातपुड्याच्या कुशीतले हे गाव. इथला डोंगरी किल्ला १७०० च्या सुमारास गोंड राजा बख्त बुलंद शाहाच्या राजा खान या सरदाराने बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. उन्हाळ्यात गडाखाली राहणाऱ्यांनाही थोडीफार शिक्षा भोगावी लागतेच. तरीही गेल्या वर्षी ऐन नवतपात मी तिथे गेलो. धाकट्या बहिणीचा फोन आला होता, ‘‘भाऊ, पोराच्या कॉम्प्युटरले ताप चढला जी. एकदा येऊन जा.’’

मी काही संगणकाचा वैद्य नव्हे. सारी उमर बँकेत गेली, उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात. पण भाच्याने लग्नाचे व्हिडिओ तयार करण्यासाठी जो संगणक घेतला, त्याच्या कर्जाला जामीनदार मीच. ३६ हप्त्यांपैकी ११ फिटले होते. तेव्हा त्या यंत्राची तब्येत हा माझ्याही काळजीचा विषय होता.

जाऊन पाहतो तो काय! अंगणातल्या टिनाच्या खोलीत यंत्र मांडलेले. कूलरचे तोंड थेट त्याच्यावर रोखलेले. वर बहिणीने मायेने ओला पंचा पसरून ठेवला होता. मी आधी विजेचे बटण बंद केले आणि मग पंचा उचलला. ‘‘अगं, माठ गार होतो तो त्याच्या अंगातून झिरपणारे पाणी वाळते म्हणून. या डब्याच्या आतली उष्णता पत्र्यावरच्या पंच्याला कशी कळणार? थेंब मात्र आत जाईल आणि सारेच विझेल.’’ तिला ते पटले. निदान तिने तसे दाखवले.

मग भाच्याने खरी गोष्ट कबूल केली. ‘‘मामा, मी ओव्हरक्लॉक केलं ना जी.’’

ओव्हरक्लॉक करणे म्हणजे संगणकाच्या प्रोसेसरला, त्या नखाएवढ्या मेंदूला, कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणे. हा प्रकार बेकायदा नाही. जगात त्याच्या शर्यती चालतात. २०२२ मध्ये एका प्रोसेसरने ९ गिगाहर्ट्‌झचा टप्पा ओलांडला. पण त्यावर द्रव हेलियम ओतले जात होते, हे तरुण मुले विसरतात. आंबागडला हेलियम मिळत नाही. इथे एक पंखा असतो आणि मे महिन्याची हवा असते.

या व्यवहारात व्याज फार लागते. वेग वाढवायचा तर बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. भाच्याने वेग १० टक्के वाढवला होता आणि व्होल्टेज १.२ वरून १.३५ केले होते. मी जुन्या सवयीने कागदावर हिशेब मांडला, तर उष्णता सुमारे ३९ टक्के वाढली! दहा रुपयांच्या लाभासाठी एकोणचाळीस रुपये खर्च करणाऱ्याला मी कर्ज मंजूर केले नसते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. साधा पंखा असो की पाण्याच्या नळ्यांचा कूलर, तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. प्रोसेसरचे तापमान खोलीच्या तापमानावर चढून बसते. समजा, भर कामात ते खोलीपेक्षा ४५ अंशांनी वर जाते. खोली २५ अंशांची असेल तर ते ७० होईल, उत्तम. त्या टिनाखाली दुपारी ४२ अंश होते, म्हणजे ८७. आता ओव्हरक्लॉकचे ३९ टक्के त्यात मिळवा. ४५ चे झाले जवळपास ६३ आणि बेरीज आली १०५. यंत्र तेच, पण थंड देशातल्या मुलाचा हिशेब ८८ वर थांबतो आणि आमच्या भाच्याचा शंभरी ओलांडतो.

आजच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरची वरची हद्द १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एएमडीच्या ‘रायझन ७०००’ मालिकेतल्या बहुतेकांची ९५. प्रत्येकाचा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. हद्द आली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि तरीही भागले नाही तर बंद पडतो. पण हद्द म्हणजे रोज राहण्याची जागा नव्हे. रिकामा असताना ३५ ते ५०, भर कामात ८० ते ८५ च्या आत, हा घरगुती संगणकासाठी शहाणा दंडक. आमच्याकडे तो ९८ ते १०० वर अडकला होता आणि वारंवार वेग उतरवत होता. म्हणजे जास्त पळवायला गेलेले यंत्र प्रत्यक्षात सावकाश चालत होते!

तापमानाचा आकडाही डोळे झाकून मानू नये. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली आणि सारा देश हबकला. नंतर हवामान खात्याने सांगितले, की तो संवेदकाचा दोष होता. तेव्हा आम्ही भिंतीवर साधा तापमापक टांगला आणि दोन वेगवेगळ्या प्रोग्रॅमांतून प्रोसेसरचे आकडे ताडून पाहिले. दुर्दैवाने ते खरे होते.

‘‘बंद पडलं तर पुन्हा चालू करू. काय बिघडतं?’’ भाचा म्हणाला. बिघडते, आणि हळूहळू बिघडते. जास्त व्होल्टेज व उष्णता यांमुळे प्रोसेसरमधल्या केसाहूनही बारीक तारांतले धातूचे अणू जागा सोडू लागतात. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतले अनेक डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर झाले, तेव्हा प्रमाणाबाहेरचे व्होल्टेज हे कारण कंपनीनेच मान्य केले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेली झीज मात्र कोणत्याही दुरुस्तीने भरून निघत नाही.

आणि त्या आठवड्यात काय बिघडले होते, ते मला रात्री जेवताना कळले. एका लग्नाचे चित्रण उतरवून घेताना यंत्र गोठले आणि सप्तपदीची फाइल फुटली. कॅमेऱ्याचे कार्ड अजून पुसले नव्हते, म्हणून निभावले. बहीण ताटात भाकर वाढता वाढता एवढेच म्हणाली, ‘‘लोकाईचं लग्न दुसऱ्यांदा नाही लागत बापा.’’ भाच्याने मान खाली घातली. माझ्या सगळ्या हिशेबांपेक्षा ते एक वाक्य जड होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही कामाला लागलो. वेग आणि व्होल्टेज कारखान्याच्या मूळ आकड्यांवर आणले. यंत्र टिनाखालून काढून कौलारू घराच्या माजघरात नेले. जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवले, भिंतीपासून वीतभर दूर. डबा उघडला तर आत धुळीचा आणि कोंड्याचा थर. भाताचाच मुलूख हा! पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रशने सारे झाडले. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट वाळून खपली झाली होती, ती पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. पुढचा पंखा हवा आत घेईल आणि मागचा बाहेर टाकेल, याची खात्री केली. पुढचे दार आणि मागचे दार उघडे असले की घरात झुळूक खेळते, तसेच हे. कूलर खोली गार करण्यापुरता ठेवला, पण त्याची दमट हवा थेट यंत्रावर येऊ दिली नाही. मोठी कामे रात्री अकरानंतर करायची, असेही ठरले.

तापमान ७९ वर स्थिरावले. पूर्वी दुपारी रखडत पाऊण तास घेणारे काम छत्तीस मिनिटांत झाले. भाचा आकड्याकडे पाहतच राहिला.

मला जुनी गोष्ट आठवली. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत संगणक येऊ लागले. आमच्या शाखेत त्याच्यासाठी वातानुकूलित खोली बांधली. चप्पल बाहेर काढून आत जावे लागे. मॅनेजरसाहेब पंख्याखाली घाम पुसत बसत आणि यंत्र थंडीत! आम्ही हसायचो. पण त्या काळच्या माणसांना एक गोष्ट कळत होती, की यंत्राची ताकद त्याला मिळणाऱ्या हवेइतकीच असते.

निघताना भाच्याने विचारले, ‘‘हिवाळ्यात थोडा वेग वाढवू का जी?’’

‘‘वाढव,’’ मी म्हणालो, ‘‘पण एकेक पायरी, व्होल्टेजला हात न लावता आणि आकड्यावर नजर ठेवून. आणि उरलेले पंचवीस हप्ते फिटल्यावर.’’