बुडालेल्या जहाजाच्या भेटीस

मराठवाड्याला समुद्र नाही. तरीही पाण्याखाली उतरण्याचा पहिला धडा किल्लारीच्या एखाद्या विहिरीतही मिळू शकतो. पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोहायला शिकलेला मुलगा थोडा धीट झाला, की तळाची माती मुठीत आणून दाखवण्याची पैज लावतो. (जाणते माणूस काठावर असल्याशिवाय हा खेळ कोणी खेळू नये.) दीड-दोन परस खाली जाताच त्याचे कान ठणकू लागतात. कानांवर दाब पडतो तो पाण्याच्या भाराचा.

आपल्या अंगावर हवेचा भार नित्य असतोच. पाण्यात दर दहा मीटरांना तेवढाच आणखी एक भार वाढत जातो. म्हणून लांब नळीचे एक टोक पाण्यावर ठेवून खाली श्वास घेता येईल, ही कल्पना फसवी आहे. थोड्याच खोलीवर छाती इतकी दाबली जाते, की नळीतून हवा आत ओढता येत नाही. ही अडचण १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्याँ या दोघांनी दूर केली. त्यांनी पाठीवरच्या नळकांड्याला अशी झडप बसवली, की भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा पाणबुड्याच्या तोंडात यावी. नळकांड्यात केवळ प्राणवायू असतो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः बहुधा त्यात आपली साधी हवाच दाबून भरलेली असते.

परंतु या हवेचे नियम कडक आहेत. दहा मीटर खोलीवर छातीभर हवा घेऊन आणि श्वास कोंडून पाणबुड्या वर आला, तर भार निम्मा होताच ती हवा दुप्पट जागा मागू लागते व फुप्फुसे फाटतात. म्हणून पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नसतो. वर येण्याची घाईही चालत नाही. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. सोड्याच्या बाटलीचे बूच एकदम काढले, की ती कशी फसफसते! तसेच घाईने वर येणाऱ्याच्या रक्तात बुडबुडे उठतात. ते सांध्यांना पिळवटतात, प्रसंगी प्राणही घेतात.

इतके सायास करून खाली काय पाहायला मिळते? गोव्याजवळच्या सुंची खडकापाशी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना सतराव्या शतकातील एका व्यापारी जहाजाच्या खुणा सापडल्या. तोफा होत्या, हस्तिदंत होते, पाणघोड्याचे दात होते, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे होते. सारा माल होता, पण तो वाहून नेणारे जहाज मात्र जवळजवळ नाहीसे झालेले होते. उथळ जागी लाटांनी ते फोडले असणार. शिवाय उबदार खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक प्राणी राहतो. दिसायला तो अळीसारखा, पण जातीने शिंपल्याचा भाऊबंद. होडीच्या तळाला तेलाचा व राळेचा लेप देण्याची जुनी चाल त्याच्याच भयाने पडली.

आता कॅनडातील ह्यूरन सरोवराकडे चला. टोबरमोरी गावाच्या बंदरात ‘स्वीपस्टेक्स’ नावाचे दोन डोलकाठ्यांचे जहाज पाण्याखाली विसावले आहे. ते १८६७ साली बांधले गेले आणि १८८५ साली बुडाले. डोलकाठ्या गेल्या, पण सुमारे छत्तीस मीटर लांबीचा त्याचा लाकडी सांगाडा काठावरून येणाऱ्या नावेतूनही स्पष्ट दिसतो. याचे कारण ते पाणीच होय. गोड्या पाण्यात तो लाकूडखाऊ प्राणी जगत नाही आणि थंडीमुळे कुजण्याची क्रिया अतिशय मंद चालते. गोडे पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्यामुळे खोल सरोवरांच्या तळाशी बहुधा तेवढेच गार पाणी साचून राहते.

जहाजाला मानवणारी ही थंडी माणसाला मात्र सोसत नाही. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा पुष्कळ वेगाने ओढून घेते. बोटे बधिर होतात, गाठी सुटत नाहीत. श्वासाच्या झडपेतही बर्फ धरण्याची भीती असते. म्हणून तेथे पाणबुडे आत पाणी न शिरू देणारा पोशाख घालतात.

काही जहाजांच्या वाटेला मात्र हौशी पाणबुड्यांनी जायचे नसते. ह्यूरनच्या शेजारच्या सुपीरिअर सरोवरात १० नोव्हेंबर १९७५ च्या वादळात ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे लोहखनिज वाहणारे प्रचंड जहाज २९ माणसांसह बुडाले. एकही जण वाचला नाही. दीडशे मीटरांहून अधिक खोल पाण्यात ती माणसे जहाजाजवळच राहिली. १९९५ साली त्यांच्या कुटुंबीयांच्या इच्छेवरून धातूचा कठीण पोशाख चढवलेला पाणबुड्या तेथे उतरला. जहाजाची घंटा वर आणण्यात आली आणि तिच्या जागी दुसरी घंटा ठेवण्यात आली. तिच्यावर ती २९ नावे कोरलेली आहेत.